सरांनी सांगितलं

माझा दहावीचा निकाल लागणार होता त्या दिवशी सकाळी आईने हुलग्याचं माडगं केलं. माडगं ही काही आनंदाच्या दिवशी करायची गोष्ट नव्हे. अंगात कसर असली, सर्दी झाली, की हुलगे भाजून भरडायचे, गूळ घालून शिजवायचे आणि ते गरम गरम प्यायचं. त्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं, पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता, आणि आई चुलीपुढे बसून पातेलं ढवळत होती. मी विचारलं, "आई, कुणाला बरं न्हाई?" तर म्हणाली, "मला. सकाळधरनं पोटात नुसती कालवाकालव हुतीया. परीक्षा तू दिलीस आन् निकाल माजा लागल्यागत झालंय."

ती खरंच बोलत होती. माझ्या निकालावर आमचं सगळं घर टांगलेलं होतं. विटा आणि आटपाडीच्या मधल्या आमच्या वाडीत घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात असतो. जुनं सोनं वितळवून त्यातलं हीण काढून टाकायचं, हे काम. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, तमिळनाडूत सेलमला होते. माझ्या जन्माआधीपासून. दिवाळीला आणि गावच्या यात्रेला यायचे, चार दिवस राहायचे, परत जायचे. त्या उन्हाळ्यात यात्रेला आले तेव्हा जाताना आईला म्हणाले, "लय वर्सं मी एकटा जेवलो. नंदा दहावी चांगली झाली तर तिला विट्याला हॉस्टेलात घालू, तू आन् बारका हितंच ऱ्हावा. न्हाई झाली, तर समदी माज्यासंगं चला." त्यात धमकी नव्हती. आण्णा कधी आवाज चढवून बोलत नसत. पण सेलमला मराठी शाळा नाही, कॉलेज नाही, हे मला माहीत होतं. तिथे गेलेल्या आमच्या गावच्या मुली दहावीनंतर काय करतात, तेही माहीत होतं. घरात बसून तमिळ मालिका बघायला शिकतात.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. समोरच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. दिवसभर त्यांचा घूं घूं असा आवाज येत राही. सवय झाल्यावर तो ऐकू येईनासा होतो, आणि वारा पडला की अचानक काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. घरात मोबाइल एकच, तोही पडवीच्या खांबाला कापडी पिशवीत लटकलेला, कारण रेंज फक्त त्या खांबापाशी. दर रविवारी अकरा वाजता पिशवी वाजायची. आई हात पुसत यायची, पिशवीतून मोबाइल काढायची आणि पहिलं वाक्य नेहमी हेच म्हणायची, "जेवलासा का?" मी आता साताऱ्यात राहते, घरात चार माणसांचे चार फोन आहेत आणि रेंज न्हाणीतसुद्धा येते. तरी फोनवर बोलायचं असलं की मी उठून दारापाशी जाते. मुलं हसतात.

आता गायकवाड सरांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून घडलं. आमची शाळा विनाअनुदानित. दहावीच्या वर्गात आम्ही सव्वीस जण. सर फलटणकडचे. तिकडे कालवा आहे, ऊस आहे, त्यामुळे आमच्याकडचं उघडंबोडकं रान बघून पहिल्या वर्षी त्यांना झोप येत नव्हती, असं ते सांगत. भूगोल, इतिहास आणि गरज पडली तर पी.टी. असं सगळं त्यांच्याकडे होतं. वर्गात एक जुना नकाशा होता, त्याचा कोकणाकडचा भाग उंदरांनी खाल्लेला. सर म्हणायचे, "हितं समुद्र हाय असं समजा. उंदरांनी पिला." पुस्तकातले शब्द आमच्या तोंडात बसत नसत. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा धडा त्यांनी दोन दिवस शिकवला, आम्ही दोन दिवस माना डोलावल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "उठा सगळी."

बेंदराचा दुसरा दिवस होता. बैलांच्या शिंगांना लावलेला रंग अजून ताजा होता, आणि भुरभुर पाऊस येऊन गेला होता. सरांनी आम्हाला ओळीने तुकानानाच्या घरामागे नेलं. तुकानाना म्हणजे आमच्या वाडीतला म्हातारा मेंढपाळ, तोंडाचा फार फटकळ. त्याचं घर दगडमातीचं. सरांनी पश्चिमेच्या भिंतीला आम्हाला हात लावायला लावले. भिंत भिजून गार झालेली, खाली शेवाळ. मग वळसा घालून पूर्वेच्या भिंतीपाशी नेलं. ती कोरडी ठणठणीत, तिच्या कडेला तुकानानाची कोंबडी मातीत लोळत होती. सर म्हणाले, "पाऊस कुठनं येतो? तिकडनं. घर मधी उभं हाय. हे घर म्हंजे सह्याद्री. ती भिंत म्हंजे महाबळेश्वर. आन् ही कोंबडी लोळतीय ते आटपाडी. आपण पावसाच्या आडोशाला ऱ्हातो." तुकानाना उंबऱ्यात बसून ऐकत होता. म्हणाला, "आवं गुरुजी, मग जरा ह्यो सह्याद्री शाकारून द्या की. महाबळेश्वर आत गळतंय." आम्ही पोट धरधरून हसलो. आणि तो धडा सव्वीस डोक्यांत असा बसला, की आजही मला झोपेतून उठवून विचारा.

निकालाच्या दिवशी संगीचा मोठा भाऊ सगळ्यांचे बैठक क्रमांक कागदावर घेऊन मोटारसायकलवरून विट्याला गेला. संगी माझी जिवाभावाची मैत्रीण. विट्यात इंटरनेटचं दुकान होतं, तिथे निकाल दिसणार होता. दुपारी तो परत आला तेव्हा गाडी बंद न करताच म्हणाला, "सगळ्यांचं एकच आलंय. राखीव."

कुणालाच कळेना. आई म्हणाली, "राखीव म्हंजे चांगलंच की. राखून ठिवलाय." तुकानाना काठी टेकत आला होता, तो म्हणाला, "एस्टीत बायकांस्नी राखीव असतंय तसं असंल. पर मग पोरांचं बी कसं राखीव?" संगीचा भाऊ म्हणाला, "नाना, राखीव म्हंजे अडकवून ठिवलाय. कायतरी भानगड हाय." आईने चूल विझवली. माडगं तसंच राहिलं. संध्याकाळी त्यावर साय धरली आणि ते म्हशीला घातलं.

आठवड्याने शाळेत बोर्डाचं पत्र आलं. आमच्या हेडसरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, ते आम्हाला वाचून दाखवलं. एकाच शाळेच्या सव्वीस विद्यार्थ्यांनी भूगोलाच्या एका प्रश्नाचं उत्तर शब्दाला शब्द सारखं लिहिलं होतं, आणि त्या प्रत्येकात एकाच व्यक्तीचं नाव होतं. सामूहिक कॉपीचा संशय होता. शिवाय उत्तरपत्रिकेत ओळख पटेल असं नाव लिहिणं हाही नियमभंगच. चौकशी समिती सांगलीला बसणार होती, विद्यार्थी आणि शिक्षकांनी हजर राहायचं होतं. हेडसरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "काय लिवलं हुतं रं तुमी?"

बाळू नावाचा आमचा वर्गमित्र मागच्या बाकावरून हळूच म्हणाला, "तुकानानाची भिंत."

सव्वीस जणांनी लिहिलं होतं: पाऊस तुकानानाच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर पडतो, पूर्वेची भिंत कोरडी राहते, म्हणून ती पर्जन्यछायेत आहे. सव्वीस जणांना वाटलं होतं, आपणच तेवढं छान उदाहरण दिलं. मी आता स्वतः बोर्डाचे पेपर तपासते. कुठल्याशा गावच्या गठ्ठ्यात असे सव्वीस तुकानाना एकामागून एक निघाले असते तर मीही लाल पेन खाली ठेवून वर कळवलं असतं. त्या तपासनिसाला मी तेव्हा मनातून खूप शिव्या दिल्या होत्या. त्या आता परत घेते.

त्यानंतरचे तीन आठवडे मला सलग आठवत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी आठवतात. विट्याच्या कॉलेजात अकरावीची पहिली यादी लागली. हॉस्टेलच्या बाईंनी निरोप दिला की गुणपत्रिका आल्याशिवाय खोली धरून ठेवता येणार नाही, शेवटची मुदत महिनाअखेर. आई भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि पीठ हातावर वाळून जायचं. धाकटा भाऊ रोज विचारायचा, "ताई, सेलमला मेंढरं असत्यात का?" रविवारी अकरा वाजता पिशवी वाजली की मी आईच्या मागे जाऊन उभी राहायचे. आण्णा रागवत नव्हते, त्याचीच भीती वाटायची. ते फक्त म्हणायचे, "बरं. बघू. हिकडं एक खोली बघून ठिवलीय मी, नळ आतच हाय." तुकानानाचं तर वेगळंच. त्याला कुणीतरी सांगितलं की बोर्डाची माणसं पाहणीला येणार. त्याने पश्चिमेची भिंत शेणाने सारवून घेतली आणि मला रस्त्यात अडवून विचारलं, "नंदे, माज्या भिताडानं त्येंचं काय वाकडं केलंय गं?"

यात एक गोष्ट खरोखर वाईट होती, आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. परीक्षेचं केंद्र शेजारच्या मोठ्या गावात होतं. आम्ही घाबरू नये म्हणून गायकवाड सर रोज आमच्याबरोबर येत आणि फाटकाबाहेर उभे राहत. भूगोलाच्या दिवशी तिथल्या शिपायाला बरं नव्हतं, तेव्हा केंद्रावरच्या लोकांनी सरांनाच पाण्याची बादली देऊन आत पाठवलं. ते बाकाबाकावरून पाणी देत गेले होते. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांनी पेपराकडे बघितलंसुद्धा नाही, तोंड वर करून छताकडे बघत राहिले होते. पण आत आले होते, एवढं खरं.

सुनावणीच्या दिवशी दोन जीपगाड्यांत कोंबून आम्ही सांगलीला गेलो. हेडसर पुढे बसले होते. गाडीतच त्यांनी समजावलं, "हे बघा, तितं शानपणा करायचा न्हाई. इच्यारल्यालं तेवढंच बोलायचं. सही म्हणली की सही. निकाल सुटला पायजे, बाकीचं मी बघतो." गायकवाड सर दुसऱ्या गाडीत होते. सांगलीतल्या एका मोठ्या शाळेत समिती बसली होती. इतकी मोठी शाळा मी पहिल्यांदाच बघत होते. व्हरांड्यात बाकडी होती, त्यावर आम्ही, आणि अगदी टोकाच्या बाकड्यावर सर एकटे. त्यांना सगळ्यांत शेवटी बोलावणार होते. त्यांनी लग्नकार्याला घालतात तसला पांढरा शर्ट घातला होता आणि तो घामाने पाठीला चिकटला होता. आईने दिलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या पिशवीत होती. वास येत होता, पण मी ती उघडली नव्हती.

मला चौथ्या नंबरला बोलावलं. आत लांब टेबल, मधोमध एक मॅडम, त्यांच्या शेजारी जाड भिंगांचे एक वयस्कर गृहस्थ आणि कडेला एक लेखनिक. लेखनिकानेच विचारलं, "हे उत्तर तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "सरांनी सांगितलं."

"कुठल्या सरांनी?"

"गायकवाड सरांनी."

त्याने भराभर लिहिलं, कागद माझ्याकडे फिरवला, बोट ठेवलं. मी सही केली. वाचलं नाही. वर्गात पहिली येणारी मी, पुस्तकाच्या मागची किंमतसुद्धा वाचणारी मी, तो कागद न वाचता बाहेर आले. मला फक्त तिथून सुटायचं होतं. त्यानंतर आयुष्यात मी बँकेत, दवाखान्यात, कुठेही सही करायच्या आधी सगळा कागद वाचते. मागे रांग खोळंबते, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

माझ्यानंतर संगी जाऊन आली. ती येऊन माझ्या कानाशी लागली. "नंदे, तू वाचलंस का? त्यांनी लिवलंय, सदर उत्तर शिक्षक गायकवाड यांनी सांगितले. असं लिवल्यावर सरांनी पेपरात सांगितल्यागत हुतंय की गं."

आमच्याकडे सर 'सांगतात'. धडा सांगतात, गणित सांगतात, कविता सांगतात. 'शिकवणं' हा शब्द आम्ही वर्गासाठी वापरतच नव्हतो. आमच्याकडे कुणी कुणाला 'शिकवलं' म्हणजे कान भरले, भांडण लावून दिलं. सून उलट बोलली की सासू म्हणते, "हिला कुणीतरी शिकवलंय." त्यामुळे आम्ही पाचही जणांनी, एकमेकांना न विचारता, तोच शब्द उच्चारला होता. आणि सर पाण्याची बादली घेऊन आत आले होते.

मी हेडसरांकडे गेले. त्यांना सांगितलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "गप बस. जबाब बदलला की समद्यांचा निकाल लोंबकळंल. तुला हॉस्टेल पायजे न्हवं? सरांचं सर बघतील. एकटा जीव हाय, दुसरी शाळा मिळंल." ते काही दुष्ट नव्हते. त्यांच्या डोक्यावर सव्वीस घरं होती. मलाही त्यांचं पटत होतं, हे आज कबूल करायला हवं. महिनाअखेरीला सहा दिवस राहिले होते. मी व्हरांड्याच्या टोकाला बघितलं. सरांनी मला बघितलं आणि हाताने खूण केली: जेवलीस का?

मी दारावरच्या शिपायाच्या हाताखालून आत घुसले. आत बाळू उभा होता, त्याच्या तोंडून नुकतंच "सरांनी" एवढं निघालं होतं. मॅडमनी वर बघितलं. "काय गं? तुझं झालं ना?"

"मॅडम, माझा जबाब चुकलाय."

"सही तुझीच आहे ना?"

"सही माझीच आहे. शब्द पण माझाच आहे. पण त्याचा अर्थ माझा नाही."

भिंगवाले गृहस्थ म्हणाले, "भूगोलाची चौकशी आहे, मराठीची नाही."

मला रडू यायला लागलं, तरी मी बोलत राहिले. "आमच्याकडं सर सांगत्यात म्हंजे वर्गात सांगत्यात. परीक्षेत न्हाई."

"मग शिकवलं म्हणायचं," मॅडम म्हणाल्या.

"शिकवलं म्हटलं की भांडण लावल्यागत हुतंय, मॅडम."

लेखनिक हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बरं. कधी सांगितलं सरांनी?"

"बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. मागच्या पावसाळ्यात."

"कुठे?"

"तुकानानाच्या घराच्या पाठीमागं."

भिंगवाले गृहस्थ पुढे झुकले. "आणि हे सगळं आता बाहेर तुला कुणी सांगितलं?"

पुन्हा तोच शब्द, आणि आता त्यातून बाहेर कसं पडायचं मला कळेना. कुणीच नाही म्हणाले असते तर कोण विश्वास ठेवणार होतं? मॅडमच्या पुढ्यात आमच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. त्या काही न बोलता पानं उलटू लागल्या. एक उत्तरपत्रिका, दुसरी, तिसरी. मग म्हणाल्या, "ही नंदा कोण?"

"मी."

"तुझे वडील कुठे असतात?"

मला वाटलं, आता आण्णांना बोलावून घेणार. "सेलमला. गलाईच्या दुकानात."

त्यांनी एक उत्तरपत्रिका शेजारच्यांपुढे सरकवली. "हे बघा. स्थलांतराची कारणं उदाहरणासह लिहा. ह्याने लिहिलंय, उदाहरणार्थ नंदाचे वडील. हिनेही नंदाचे वडील. इथेही नंदाचे वडील." मग त्यांनी माझा बैठक क्रमांक विचारला आणि माझी उत्तरपत्रिका काढली. ते उत्तर मी साफ विसरले होते. सरांनी स्थलांतराचा धडा सांगताना माझ्याकडे बोट करून आण्णांचं उदाहरण दिलं होतं, आणि सगळ्यांनी तेही जसंच्या तसं लिहिलं होतं. मॅडम मोठ्याने वाचू लागल्या. "उदाहरणार्थ, माझे आण्णा. गावात पाऊस नाही म्हणून ते सेलमला गेले. ते वर्षातून दोनदा येतात." त्या थांबल्या. मग पुढची ओळ हळू वाचली. "ते आले की पहिल्या दिवशी आमचे कुत्रे त्यांच्यावर भुंकते."

बाळू जमिनीकडे बघत होता.

"सव्वीसमध्ये ही ओळ एकाच ठिकाणी असेल," मॅडम म्हणाल्या. "कॉपी करणारी मुलगी 'नंदाचे वडील' असं लिहिते. हिने 'माझे आण्णा' लिहिलंय." भिंगवाल्या गृहस्थांनी माझी उत्तरपत्रिका जवळ ओढून घेतली, ती ओळ स्वतः वाचली, चष्मा काढून पुसला आणि लेखनिकाला म्हणाले, "आधीच्या पाच मुलांना परत बोलवा. प्रत्येकाला विचारा, कधी आणि कुठे. तेवढं जबाबात घाला."

शेवटी सर आत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा शर्ट अगदी चिंब झाला होता. हेडसर त्यांच्याकडे बघत नव्हते. आम्ही सगळे भोवती जमलो. सर म्हणाले, "अरे, माझीच चूक हाय. भिंत सांगितली, गलाई सांगितली. पेपरात नावं लिवायची नसत्यात, एवढंच सांगायचं ऱ्हायलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नंदा, तू आता तरी जेव." मी व्हरांड्यात उभ्या उभ्याच दशमी खाल्ली. संगीने माझ्या हातातली चटणी संपवली.

निर्णय यायला आणखी पाच दिवस लागले. ते पाच दिवस मी मोजत नव्हते, आई मोजत होती. सहाव्या दिवशी हेडसर स्वतः आमच्या पडवीत आले, बसले नाहीत, उभ्यानेच कागद वाचला. गैरमार्ग सिद्ध होत नाही. निकाल जाहीर करण्यात यावा. ओळख पटेल असा उल्लेख असल्याने सर्व सव्वीस विद्यार्थ्यांचे त्या दोन प्रश्नांचे गुण रद्द. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नियमांची कल्पना द्यावी. मला चांगले गुण मिळाले होते, फक्त भूगोल सगळ्यांत खाली. त्याच दिवशी संगीच्या भावाच्या मोटारसायकलवरून विट्याला जाऊन मी हॉस्टेलच्या बाईंच्या टेबलावर गुणपत्रिकेची प्रत ठेवली. त्या म्हणाल्या, "भूगोल कच्चा आहे वाटतं." मी होय म्हणाले. पुढे भूगोल घेऊनच मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. ते बाईंना कळवायचं राहून गेलं.

रविवारी अकराला पिशवी वाजली. आईने जेवलासा का विचारलं आणि मोबाइल माझ्याकडे दिला. मी आण्णांना सगळं सांगितलं, सांगली, मॅडम, रद्द झालेले गुण. ते म्हणाले, "म्हंजे विट्याला जायचं ठरलं तुजं. बरं झालं. ती खोली मी सोडतो." मग त्यांनी विचारलं, "माज्याबद्दल काय लिवलं हुतंस?"

मी पाठच म्हणून दाखवलं. पाऊस नाही म्हणून गेले. वर्षातून दोनदा येतात. शेवटची ओळ म्हणावी की नाही असं झालं, पण मग म्हणाले. मला वाटलं रेंज गेली, मी खांबाच्या आणखी जवळ सरकले.

"खरं हाय ते," आण्णा म्हणाले. "मग मार्क का कापलं?"

"पेपरात कुणाचं नाव लिहायचं नसतं, आण्णा."

"नाव कुठं लिवलंस तू? आण्णा तर समद्यांनाच असतोय."